दुपारचा समुद्र

मेंढेमाळच्या शाळेत दुपारची खिचडी झाली की मुलं समुद्रावर जात.

जायला फारसं काही करावं लागत नसे. पूनम सरगर मागच्या शेडमध्ये मोठं पातेलं घासायला घेई, तोवर तोडकर बाई वर्गात सतरंज्या अंथरत आणि खिडक्यांवर गोणपाटं सोडत. डझनभर मुलं हातपाय धुऊन ओळीनं आडवी होत. बाई प्रत्येकाच्या कपाळाला एक मऊ पट्टी लावत, हनुवटीखाली दुसरी, दोन्ही मनगटांत कापडी कडी घालत आणि कानांत वाटाण्याएवढी बोंडं. मग कोपऱ्यातल्या पेटीचं बटण दाबलं की वर्गात एक खारट, ओलसर, किंचित कुबट वास पसरे आणि हळूहळू लाटांचा आवाज सुरू होई. त्या उजाड माळावर पवनचक्क्यांखेरीज काही हलत नसे. माणगंगेचं पात्रसुद्धा बरेच महिने नुसत्या वाळूचं असे. तिथं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा पूनमच्या हातातला काथ्या खाली पडला होता.

पेटी डॉ. हसीना मुजावर यांची. त्या मिरजेच्या एका संस्थेत झोपेचा अभ्यास करत. त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. झोपेत माणसाचे डोळे मिटतात, पण कान आणि नाक पुरते मिटत नाहीत. स्वप्न चालू असताना बाहेरून एखादा आवाज आला, वास आला, तर मेंदू तो टाकून देत नाही, स्वप्नात विणून घेतो. पहाटेचा गजर स्वप्नातल्या देवळाची घंटा होतो, तसंच हे. मग एका खोलीत झोपलेल्या सगळ्यांना एकाच क्षणी एकच वास आणि एकच आवाज दिला, तर सगळे एकाच गावाला पोचतील. कपाळावरची पट्टी मुलांना अलगद त्या स्वप्नाच्या झोपेत उतरवत असे. पुढचं काम मुलांचे मेंदूच करत.

डॉक्टरांना समुद्र कधीही न पाहिलेली मुलं हवी होती. मेंढेमाळच्या शाळेची सहल म्हणजे पाझर तलावापर्यंत चालत जाणं आणि तिथं डबा खाऊन परत येणं. इतक्या कमी मुलांसाठी गाडी कोण देणार? तोडकर बाईंनी लगेच होकार दिला, गावानंही दिला.

पहिल्या आठवड्यात ज्याचा त्याचा समुद्र निराळा होता. आदेशच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या होत्या. धनश्रीच्या समुद्राचं पाणी सोड्यासारखं फसफसत होतं. कुणाला तो माळाएवढा दिसला, कुणाला नुसता तलावाएवढा. मग हळूहळू, कसं कोण जाणे, सगळ्यांच्या समुद्रात पवनचक्क्या आल्या आणि सगळ्यांचं पाणी फसफसू लागलं.

अशाच एका दुपारी मुलं डोळे चोळत उठली आणि आदेश मोठ्यानं म्हणाला, "बाई, कस्तू किती बोलती ओ! कुणाला बोलूच देत न्हाई."

शेडच्या दारात उभ्या पूनमला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

कस्तुरी तिची मुलगी. नऊ वर्षांची. जन्मली तेव्हाच तिच्या स्वरयंत्राची वाट बंद होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवली. तेव्हापासून तिचा श्वास त्या नळीतून जाई-येई, बारीक शीळ घातल्यासारखा. ऐकू सगळं येत होतं, समजत सगळं होतं, पण तोंडापर्यंत हवाच पोचत नसे, त्यामुळे साधी कुजबुजसुद्धा नाही. एका योजनेतून तिला बोलणारी पाटी मिळाली होती. लिहिलेलं वाक्य ती पाटी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवे. "मला लघवीला जायचे आहे," असं त्या आवाजात भर वर्गात ऐकू आलं आणि मुलं लोळून हसली. त्या संध्याकाळी कस्तुरीनं पाटी ज्वारीच्या कोठीत खोल पुरली.

त्यामुळे तिची भाषा म्हणजे हात. मायलेकींनी मिळून ती भाषा केली होती, पाळण्यापासून. बाप बाळू पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर महिनामहिना कर्नाटकात, त्यामुळे त्याला त्यातलं थोडंच कळे. बाकीच्यांना काहीच कळत नसे. कस्तुरी हात हलवी आणि पूनम सांगे. मुलीजवळ राहता यावं म्हणूनच तिनं शाळेत खिचडीचं काम धरलं होतं. वर्गात बाईंनी कस्तुरीला काही विचारलं की त्या शेडकडे बघत. पूनम फोडणी टाकता टाकता दारातून डोकावे आणि म्हणे, "म्हंती, आमचं घर काढलंय, बाई."

आणि आता आदेश सांगत होता की कस्तू कुणाला बोलू देत नाही.

डॉ. मुजावर दोनच दिवसांत आल्या. वर्ग सुटल्यावर त्या, बाई आणि पूनम सतरंजीवर बसल्या. कस्तुरी आईच्या मांडीला टेकून ऐकत होती.

"स्वप्नात आपण पळतो, बोलतो," डॉक्टर म्हणाल्या, "पण अंथरुणात पडूनच असतो. कारण त्या वेळी शरीराला कुलूप लागलेलं असतं. पण मेंदू हुकूम सोडतच असतो. जिभेला, जबड्याला, हातांना. त्यातला अगदी थोडासा स्नायूंपर्यंत झिरपतो. डोळ्यांना न दिसणारी थरथर असते ती. हनुवटीखालची पट्टी ती थरथर वाचते, त्यातून शब्द ओळखते आणि बाकीच्यांच्या कानात अगदी हलक्या, सपाट कुजबुजीत सोडते. म्हणून मुलांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं."

"पण हिला तर आवाजच न्हाई, मॅडम."

"पट्टीला आवाज लागतच नाही, पूनमताई. जीभ आणि जबडा पुरे. कस्तुरीची जीभ इतकी वर्षं शब्द बनवत होती. आपल्यापर्यंत हवा येत नव्हती, एवढंच. खरं सांगू? हे होईल असं माझ्या मनातही नव्हतं."

पूनमनं मुलीकडे पाहिलं. कस्तुरी सतरंजीचा दोरा काढत होती.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढताना पूनमनं एकेकाला हळूच विचारलं, "कसा हाय रं तिचा आवाज?"

"माझ्या आत्यासारखा," आदेश म्हणाला.

"घोगरा हाय जरा," दुसरा म्हणाला.

"बारीक हाय, मावशी. गोड," धनश्री म्हणाली.

पूनम गोंधळली. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कुजबुज सपाट असते ना. तिला आवाज चढवतो तो ऐकणाऱ्याचा मेंदू. प्रत्येकाला वेगळाच ऐकू येणार. पण शब्द तिचेच. त्यात कुणाचं काही नाही."

शब्द तिचेच. पूनमला ते शब्द आता रोज ऐकायला मिळत, पण दुसऱ्यांच्या तोंडून. कस्तू म्हणाली, पाण्याखाली डोळे उघडे ठेवायचे. कस्तू म्हणाली, तिला पवनचक्कीची भीती वाटते, रात्री ती घरावर पडेल असं वाटतं. कस्तू म्हणाली, तिला गोड शिरा मुळीच आवडत नाही. हे ऐकलं तेव्हा पूनम शिराच ढवळत होती. दर वाढदिवसाला तिनं मुलीसाठी शिरा केला होता. मुलगी निमूट खायची, आणि आईला वाटायचं, किती आवडीनं खाते.

घरी तर कस्तुरीचे हात जवळजवळ गप्पच झाले. आधी शाळेतून येताना सगळी वाट ती हातांनी बोलायची, पूनमला तिच्याकडे बघत चालताना ठेच लागायची. आता ती पुढं चाले. घरी आली की दप्तर टाकून आडवी होई, डोळे मिटून घेई, जणू दुपार परत येते का बघत असे. पूनमनं हातांनी विचारलं, काय झालं? तिनं खांदे उडवले. पूनमनं परत विचारलं. मुलीनं भिंतीकडे तोंड केलं.

"बाई, माझ्या पोरीला त्यातनं काढा," एक दिवस पूनम म्हणाली. भांडी तशीच टाकून ती वर्गाच्या दारात आली होती. "मी हो म्हणाले व्हते, आता न्हाई म्हंती. आईनं न्हाई म्हटलं की चालतंय ना?"

"चालतं," तोडकर बाई म्हणाल्या. "त्याच क्षणी थांबवावं लागतं. कस्तुरीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती तर चोवीस तास झोपंल." पूनमचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "नऊ वर्सं मी तिचं तोंड झाले, बाई. आता सगळ्या वर्गाला तिचं सगळं म्हाईत, आन मला कुणीतरी सांगावं लागतं. सगळ्यांशी बोलती. माझ्याशीच बोलत न्हाई."

बाईंनी हातातली सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "थांबवायच्या आधी एकदा जाऊन तर या."

"कुठं?"

"समुद्रावर."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एक गोष्ट बजावून सांगितली. प्रत्येकाची शब्द बनवायची ढब वेगळी असते. हनुवटीखालच्या पट्टीला ती शिकायला दोन-तीन आठवडे लागतात. मनगटांचं तसं नसतं, हातांची थरथर ठसठशीत असते, कापडी कडी ती पहिल्याच दिवशी वाचतात आणि बाकीच्यांच्या मनगटांवर हलक्या दाबानं उमटवतात. म्हणजे पूनमला ऐकू येईल, तिचे हात हललेले सगळ्यांना दिसतील, पण तिचं बोलणं कुणापर्यंत पोचणार नाही.

"आणि कस्तुरीची परवानगी घ्या," त्या म्हणाल्या. "तिचं घर आहे ते."

पूनमनं मुलीला विचारलं. कस्तुरीनं उत्तर द्यायला चांगले दोन-तीन दिवस लावले. मग एका सकाळी वेणी घालून घेताना तिनं आरशातूनच हात हलवले: ये. पण तिथं रागवायचं नाही.

पूनम मुलांच्या ओळीत शेवटी झोपली. बाईंनी पट्ट्या लावल्या. गोणपाटाच्या विणीतून उन्हाचे ठिपके छतावर पडले होते. तो खारट वास आला. लाट आली, गेली, परत आली. पूनमला वाटलं, आपल्याला काही झोप येणार नाही, आणि मग छतावरचे ठिपके एकेक करून पाण्यात पडू लागले.

माळच होता तो. त्यांचाच, मुरमाचा, करड्या गवताचा. फक्त त्याच्या टोकाला आभाळ खाली वाकलं होतं आणि वाकता वाकता त्याचं पाणी झालं होतं. त्या पाण्यात पवनचक्क्या उभ्या होत्या, गुडघ्याएवढ्या पाण्यात बायका उभ्या राहाव्यात तशा. पाती फिरताना पाण्यात बुडत आणि वर येताना उजेड सांडत. शाळेचा हातपंप काठावर आपोआप वरखाली होत होता आणि त्यातून बारीक बारीक चांदण्यांसारखं काहीतरी गळत होतं. एका लाटेवर, बांधावर बसावं तशी मुलं पाय सोडून बसली होती. लाट थांबून राहिली होती. तिला घाई नव्हती.

पूनमनं हाक मारली, "कस्तू!"

तोंड उघडलं, जीभ हलली, पण आवाज आला नाही. तिनं जोर लावला. घशात कुणीतरी कापूस बसवल्यासारखं झालं. मुलं तिच्याकडे बघतही नव्हती. ती परत ओरडली. काहीच नाही. सगळं आत होतं, शब्द, नाव, काळजी, आणि बाहेर नुसतं वारं. तिला रडू फुटायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं खरं, पण सांगणं वेगळं.

"आई! आलीस व्हय? किती उशीर! आमी मघाच आलोय. हितं बघ, हितं खोल हाय, हितं न्हाई, आन त्या हातपंपाचं पाणी पिऊ नको, खारट हाय, आदेशनं पिलं आन उलटी केली. अगं रडतीस काय?"

लाटेवरून उडी मारून कस्तुरी पळत येत होती आणि पळताना बोलत होती. पूनमनं नऊ वर्षं मनात एक आवाज जपला होता, मऊ, नाजूक. हा तसा नव्हता. जरा भरडा, घाईचा होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यात एक बारीक शीळ होती. तीच शीळ. रात्र रात्र जागून ऐकलेली, श्वासाची. पूनमच्या मनानं दुसरीकडून कुठून नाही, तिथूनच तो आवाज घडवला होता.

पूनमचे हात आपोआप वर आले. मला बोलता येत नाही.

"म्हाईत हाय. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच व्हतंय. भिऊ नको. हात हायत की."

आणि ती गर्रकन वळून पाण्यात शिरली. पाणी म्हणजे नळीत पाणी. विहीर, तलाव, भरलेली टाकी, कशाच्या जवळ तिनं मुलीला जाऊ दिलं नव्हतं. तिनं दोन्ही हात वेडेवाकडे हलवले: गळा! पाणी! बाहेर ये! कस्तुरी पाण्याखालून वर आली, केस निथळत, हसत. "हितं शिरत न्हाई गं पाणी. हितं सगळं माझ्यावर हाय."

तोवर मुलं भोवती जमली होती. पूनमचे हात चाललेले बघून आदेशनं विचारलं, "कस्तू, मावशी काय म्हंतीया?"

कस्तुरीनं आईकडे पाहिलं, मग मुलांकडे, आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आई म्हंतीया, उद्यापासनं खिचडी बंद. रोज भजी."

मुलांनी एकच गलका केला. पूनमनं जोरजोरात हात हलवले: नाही! असं नाही म्हणाले मी!

"आता म्हंतीया, आन वर जिलबी."

मुलं नाचायला लागली. एक पवनचक्कीसुद्धा उलटी फिरली. पूनम हात आपटत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि तिच्या लक्षात आलं की ती हसतेय. इतक्या जणांत तिचा एक शब्द खरा पोचत नव्हता आणि एकटी कस्तुरीच तिचं तोंड होती.

मुलं पांगल्यावर कस्तुरी जवळ आली. तिचा आवाज आता हळू होता.

"तू बी असंच करतीस की, आई."

काय करते?

"मी एक सांगती, तू दुसरंच सांगतीस. बाईंनी चित्राचं विचारलं तवा मी सांगितलं, पवनचक्की घरावर पडलीया. तू म्हणालीस, आमचं घर काढलंय. आत्या आली तवा मी म्हणाले, ही सारखी माझ्या गळ्याकडं बघती, मला आवडत न्हाई. तू म्हणालीस, आत्या, राहा म्हंती. माझं समदं गोड करून सांगतीस तू. म्हणून मग मी सांगायचंच सोडलं."

पूनमचे हात वर आले आणि तसेच राहिले. सांगायला खूप होतं. लोकांनी तुला वाईट म्हणू नये म्हणून. आधीच ते तुझ्याकडे कसं बघतात ते मला दिसतं म्हणून. पण त्यातलं काहीच हातांना सांगता येईना. थांबलेली लाट हळूच तिच्या पावलांपर्यंत आली. मग तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: आता तू सांगशील तेच सांगेन. वाईट असलं तरी.

"काय म्हणाली गं मावशी?" लांबून धनश्रीनं विचारलं.

"काय न्हाई," कस्तुरी म्हणाली. "आमचं हाय ते."

पूनम जागी झाली तेव्हा छतावरचे ठिपके सरकून भिंतीवर गेले होते. ओळीच्या दुसऱ्या टोकाला कस्तुरी उठून बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वर्गात मुलांचा कलकलाट चालला होता, भजी कधी, भजी कधी. पूनमनं पट्ट्या सोडवल्या आणि बाईंना म्हणाली, "राहू द्या तिला. आन भजीचं तेवढं बघावं लागंल."

कस्तुरीच्या त्या चित्राचा खरा अर्थही पूनमनं त्याच दिवशी बाईंना सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पवनचक्कीवर धडा घेतला, पाया किती खोल असतो, वादळात पाती कशी आपोआप थांबतात. आणि केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या प्रदर्शनासाठी त्या वर्षी काय करायचं हेही तिथंच ठरलं. बाकीच्या शाळा ज्वालामुखी आणि ड्रोन करत. मेंढेमाळच्या मुलांनी कस्तुरीच्या भाषेचा प्रकल्प घेतला. कस्तुरी हात हलवून दाखवी, धनश्री गेरूनं भिंतीवर तो हात काढी, आदेश खाली शब्द लिही. अर्थ सांगायला पूनम बसे. पुष्कळदा कस्तुरी मान हलवून तिला थांबवी. "सुंदर" म्हणून पूनम इतकी वर्षं जो हात समजत होती, तो निघाला "पुरे झालं". मुलं हसली, पूनमही हसली. भिंत भरली तशी शेडमध्ये वाढताना आवाज कमी झाला. मुलं तोंडात घास असताना हातांनी बोलायला लागली, बाईंना ओरडताही येईना.

परीक्षेच्या आधी प्रयोग संपला. डॉ. मुजावर पेटी न्यायला आल्या तेव्हा कस्तुरी तिच्यावर हात ठेवून बसली होती. ती उठेना. डॉक्टर तिच्याजवळ खाली बसल्या आणि समजावू लागल्या, की हे यंत्र अजून कच्चं आहे, लहान मुलांना वर्षानुवर्षं लावणं बरोबर नाही, पुढं ते चांगलं होईल. कस्तुरीनं मान वर केली आणि हात हलवले, झटकन, तोडून टाकल्यासारखे.

डॉक्टरांनी पूनमकडे पाहिलं. पूनमच्या तोंडाशी नेहमीचं गोड वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं.

"ती म्हंती, तुमी आधी आवाज देता आन मग काढून नेता. तुमी चांगल्या न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मी याचा विचार आधी करायला हवा होता." मग त्यांनी कस्तुरीलाच विचारलं, आईला नाही, "मी काय करू?"

कस्तुरीनं विचार केला. मग परत हात हलवले, या वेळी सावकाश.

"म्हंती, खरा दाखवा."

संस्थेनं गाडी दिली. स्वप्नात पाहिलेला समुद्र आणि खरा समुद्र यांची तुलना, असं त्याला नाव मिळालं. पहाटे निघून, कुंभार्ली घाटात निम्म्या मुलांनी ओकून, दुपार कलायच्या आत मेंढेमाळची शाळा गुहागरच्या किनाऱ्यावर पोचली. सुरूच्या झाडांतून बाहेर आल्यावर सगळी मुलं एका जागी थबकली. हा समुद्र फसफसत नव्हता, थांबत नव्हता. तो सारखा, मोठ्यानं, कुणाची वाट न बघता येत होता.

"पवनचक्क्या कुठायत?" आदेश शेवटी म्हणाला, पण वाऱ्यानं ते उडवून नेलं.

मग ती पांगली. पूनमनं कस्तुरीला बजावलं होतं, घोट्यापर्यंतच. इथं सगळं तिच्यावर नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. ती घोट्यापर्यंतच गेली, गळ्याला रुमाल बांधून, आणि उभी राहिली. एक लाट आली, तिच्या पायांवरून गेली, परत फिरली. वाळू तिच्या तळव्यांखालून सरकली असावी, कारण ती डगमगली आणि तिनं दोन्ही हात पसरले. पूनम काठावर बसून होती, धावत जायचं नाही असं स्वतःला सांगत. स्वप्नातलं बोलणं आता नाही. मुलगी गप्प राहील का परत, भिंतीकडे तोंड करून?

कस्तुरी वळली. आईला बघून तिनं एक खूण केली. दोन्ही तळवे छातीशी धरून पुढं नेले, लांब, हात पुरतील तितके लांब, आणि मग तसेच परत छातीशी आणले. परत एकदा केलं. परत एकदा.

पूनमला ती खूण माहीत नव्हती. भिंतीवरही ती नव्हती. शेजारी धनश्री शिंपले वेचत होती. पूनमनं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काय म्हंतीया ती?"

धनश्रीनं कस्तुरीकडे निरखून पाहिलं आणि खांदे उडवले. "नवा हाय शब्द, मावशी. आत्ताच केला वाटतं. मला न्हाई येत."

कुणालाच येत नव्हता. पूनम उठली. साडी वर खोचली आणि पाण्यात शिरली. पाणी तिच्या अंदाजापेक्षा गार होतं आणि पायाखाली ओढत होतं. कस्तुरीजवळ पोचून तिनं बोटांनी विचारलं: समुद्र?

कस्तुरीनं मान हलवली. नाही.

लाट?

नाही. कस्तुरीनं आईचे दोन्ही हात धरले, आईच्याच छातीशी टेकवले, पुढं नेले, परत आणले. मग एका हातानं दाखवलं: झाडांमागे उभी गाडी. वाळूतली मुलं. ती आणि आई. आणि ज्या दिशेनं ते आले होते ती, घाटाची, घराची दिशा.

"सहल?" पूनम म्हणाली. आवाज समुद्रात बुडाला, पण ओठ कस्तुरीनं वाचले. ती इतक्या जोरात होकाराची मान हलवायला लागली की रुमाल सुटला. पूनमनं तो परत बांधला, गाठ तपासली.

मग ती काठाकडे वळली. मुलं बघत होती, बाई बघत होत्या. पूनमनं तळवे छातीशी घेतले, पुढं नेले, आणि परत आणले. जसं कस्तुरीनं दाखवलं होतं तसंच, आपलं काही न घालता. वाळूत उभ्या मुलांनी एकेक करून आपापले तळवे छातीशी घेतले.